पाण्यावर धावणारा डॅश, वर ‘पडणारा’ माइल्स

‘द इन्क्रेडिबल्स’ (२००४) हा सुपरहिरो कुटुंबाचा ॲनिमेशनपट ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्यातला अचाट वेगाने पळणारा डॅश पाण्यावरून धावतो तो क्षण वेगळा आठवावा लागत नाही. बेटावरच्या जंगलात गुंड उडत्या चकत्यांवर बसून या पोराच्या मागे लागलेले. पळता पळता जमीन संपते, पुढे नुसतं पाणी. आता हा बुडणार, असं आपण धरून चालतो आणि त्याचे पाय पाण्यावर पडतच राहतात. तो खाली बघतो, काय चाललंय ते त्याच्या ध्यानात येतं आणि तो खुदकन हसतो. पुढे गुहेत दोन्ही बाजूंनी गुंड चालून येतात तेव्हा तो नुसता थांबतो. थांबला की बुडतो, आणि गुंड एकमेकांवर आदळतात.

थांबला की बुडतो, हे फार महत्त्वाचं आहे. डॅशला पाण्यावर उभं राहता येत नाही, फक्त धावता येतं. म्हणजे इथे जादू नाही, यंत्रशास्त्र आहे. मध्य अमेरिकेतला बॅसिलिस्क सरडा नेमकं हेच करतो. तो पाऊल पाण्यावर जोरात आपटतो, मग खाली आणि मागे ढकलतो. त्यामुळे पावलाभोवती पाण्यात हवेची एक पोकळी तयार होते. ती पोकळी मिटायच्या आत पाऊल बाहेर काढलं तर ते हवेतून निघतं आणि पाण्याचा अडथळा होत नाही. उशीर झाला की पाय पाण्यात अडकलाच. ग्लाशीन आणि मॅकमहन या दोघा संशोधकांनी १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये या सरड्याचं गणित मांडलं आणि जाता जाता माणसाचंही मांडलं. ८० किलोच्या माणसाला पाण्यावरून धावायचं तर सेकंदाला ३० मीटर वेग हवा, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. उसेन बोल्टचा सर्वाधिक वेग सेकंदाला साधारण साडेबारा मीटरच्या आतबाहेरचा. शिवाय स्नायूंची ताकद माणसाला सलग देता येते त्याच्या १५ पट लागेल. तेव्हा वेग हा डॅशचा प्रश्नच नाही, प्रश्न मांड्यांचा आहे.

इटलीतल्या मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न उलटा करून पाहिला. माणसाची ताकद वाढवता येत नाही ना, मग वजन कमी करू. त्यांनी माणसांना पट्ट्यांनी वर टांगून त्यांचा भार हलका केला, पायांना पोहणारे वापरतात तसे छोटे फिन बांधले आणि पाण्याच्या हौदात जागच्या जागी धावायला लावलं. चंद्रावरच्याइतकं गुरुत्वाकर्षण असेल तर हे जमू शकतं, असं त्यातून निघालं. या कामाला २०१३ चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं, आणि मला ते अगदी रास्त वाटतं.

आता मूळ मुद्दा. कॅमेऱ्यापुढे नट उडी मारतो तेव्हा त्याला खाली आणायचं काम पृथ्वी फुकटात करते. वारा केस उडवतो, कपड्याला चुण्या पडतात, घाम चमकतो, आणि यातल्या कशासाठीही दिग्दर्शकाला वेगळं बसून विचार करावा लागत नाही. ॲनिमेशनमध्ये फुकट काहीच नसतं. गुरुत्वाकर्षणसुद्धा कुणीतरी घातलं तरच असतं. म्हणून निसर्गाचा कुठला नियम पाळायचा आणि कुठला मोडायचा, हा तिथे प्रत्येक दृश्यात घ्यावा लागणारा निर्णय आहे. सुपरहिरोंच्या ॲनिमेशनपटांतले जे क्षण वर्षानुवर्षं डोक्यात राहतात, ते बहुतेक वेळा या निर्णयातून आलेले असतात असं माझं मत आहे. डॅशच्या बाबतीत वेगाचा नियम मोडला, पण बुडण्याचा पाळला. दोन्ही मोडले असते तर हसू आलं नसतं.

त्याच चित्रपटात त्याची बहीण व्हायोलेट आहे. तिचे लांब मोकळे केस चेहऱ्यावर येतात, ती त्यांच्याआड लपते आणि शेवटी ते मागे घेते. प्रेक्षक हे सहज बघून जातो. चित्रपट बनवणाऱ्या पिक्सारच्या लोकांना मात्र त्या केसांनी रडवलं होतं. संगणकात केस म्हणजे छोट्या छोट्या वजनांची आणि त्यांना जोडणाऱ्या काल्पनिक स्प्रिंगांची माळ. प्रत्येक फ्रेमला प्रत्येक कडीवर किती ओढ आहे ते सोडवायचं, वर एक बट दुसरीतून आरपार जाऊ द्यायची नाही. आखूड केस डोक्याबरोबर हलतात, त्यामुळे निभावून जातं. लांब केस खांद्यावर आपटतात, मागे राहतात, उशिरा येऊन पोचतात. त्यातून व्हायोलेट समुद्रात पडते, म्हणजे ओले केस आले. सुपरहिरोंचे पोशाख शिवणारी एडना मोड त्यांना केप, म्हणजे पाठीवर फडकणारं कापड, शिवून द्यायला ठाम नकार देते, कारण एकीची केप विमानाच्या इंजिनात ओढली गेलेली असते. विनोद म्हणून हा प्रसंग गाजला. पण ज्यांनी एकदा तरी संगणकावर कापड फडकवायचा प्रयत्न केलाय, ते एडनाच्या बाजूने वेगळ्याच कारणासाठी टाळ्या वाजवतील.

‘बिग हीरो ६’ (२०१४) मधला हवेने फुगणारा रोबो बेमॅक्स या बाबतीत उलट्या टोकाचा. दिग्दर्शक डॉन हॉल कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले होते तेव्हा तिथे ख्रिस ॲटकेसन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हवेने फुगणारा यांत्रिक हात पाहिला. आजारी माणसाला भरवायचं, कपडे घालायचे, तर हात पोलादी नको, मऊ हवा, असा त्यामागचा विचार. चुकून लागला तरी इजा नाही. त्या हातातून बेमॅक्स आला. त्याची चाल पेंग्विनच्या पिल्लांवरून घेतलेली आहे. पोलीस चौकीत त्याची हवा गळायला लागते आणि तो शांतपणे भोकांवर चिकटपट्टी लावत बसतो, हे दृश्य तर निव्वळ दाबाच्या नियमावर उभं आहे. आत दाब आहे म्हणून तो उभा, दाब गेला की लुळा. डिस्नेने याच चित्रपटासाठी ‘हायपेरियन’ नावाची नवी प्रकाशगणित प्रणाली वापरली. प्रकाशाचा किरण एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर उसळत कुठवर जातो याचा ती पाठपुरावा करते. बेमॅक्सचं अंग आतून उजळल्यासारखं का वाटतं, तर प्रकाश त्या पातळ पांढऱ्या आवरणात शिरून आत फिरून बाहेर पडताना मोजला आहे म्हणून. याच प्रणालीने ८३,००० इमारतींचं शहरही उजळून दाखवलं. मला मात्र शहरापेक्षा चिकटपट्टी जास्त आठवते.

आता ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८). माझ्या दृष्टीने गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला सगळ्यात विचारपूर्वक बनवलेला ॲनिमेशनपट. त्यातला माइल्स मोरालेस हा न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा शाळकरी मुलगा. कोळी चावल्यानंतर त्याचे हात सगळ्याला चिकटतात आणि सुटत नाहीत. शाळेत तो ग्वेन या मैत्रिणीच्या केसांत अडकतो आणि शेवटी तिचे केस कापावे लागतात.

कोळी भिंतीवर कसा चिकटतो? त्याच्या पायांच्या टोकाला अतिसूक्ष्म केसांचे झुपके असतात. ते भिंतीच्या इतके जवळ जातात की दोन्हींकडच्या रेणूंमधलं क्षीण आकर्षण, म्हणजे व्हान डर वाल्स बल, कामाला लागतं. एकेक केस क्षुल्लक, लाखो मिळून पुरेसे. पालीचंही तेच. मग माणसाचं का नाही? याचं उत्तर गॅलिलिओने १६३८ मध्येच देऊन ठेवलंय. प्राणी दुप्पट उंच केला तर त्याच्या तळव्याचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. चिकटणं क्षेत्रफळावर अवलंबून, पडणं वजनावर. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये भिंतीवर चढणाऱ्या २२५ जातींची मोजमापं तपासली, अगदी गोचिडीच्या भावकीतल्या बारीक किड्यांपासून पालींपर्यंत. आकार वाढत जातो तसा शरीराचा मोठा मोठा हिस्सा चिकट गाद्यांनी व्यापावा लागतो. माणसाला पालीसारखं चढायचं तर अंगाचा ४० टक्के भाग चिकट हवा, किंवा बुटाचं माप युरोपीय हिशेबाने १४५ हवं. सरडा पाण्यावर धावतो आणि आपण बुडतो, त्यामागेही बऱ्याच अंशी हाच हिशेब आहे.

म्हणजे माइल्सचं चिकटणं सपशेल अशक्य. ते एकदा मान्य करून टाकल्यावर पुढे मात्र चित्रपट इमानदारीने वागतो. शेवटाकडे माइल्स स्वतः काळा रंग फवारलेला पोशाख घालून एका गगनचुंबी इमारतीच्या टोकाला जातो. बोटं काचेला चिकटलेली. तो उडी घेतो आणि काच फुटते, तुकडे त्याच्या बोटांबरोबर जातात. जोड ज्यावर बसवलाय त्यापेक्षा जोडच मजबूत असेल तर तुटतं ते मूळ साहित्य, हे कुठलाही सुतार किंवा अभियंता सांगेल. तो अजून घाबरलेला आहे, हात सोडवणं त्याला जमलेलं नाही, तरीही तो उडी मारतो. हे सगळं संवादाविना त्या फुटलेल्या काचेत आलंय.

आणि मग तो खाली पडत नाही. पटकथेतच लिहिलेलं होतं की इथे कॅमेरा उलटा असेल, माइल्स पडत नसून वर चढत असेल. डोकं खाली, पण चौकट उलटवलेली, त्यामुळे शहराचे दिवे वरून खाली लोंबतात आणि माइल्स त्यांच्याकडे झेपावतो.

पडणाऱ्या वस्तूबद्दलचा एक नियम ॲनिमेटर शिकाऊ असतानाच पाठ करतात, आणि तोही गॅलिलिओचाच. समान काळाच्या तुकड्यांत वस्तू १, ३, ५, ७ अशा विषम प्रमाणात अंतर कापते. पहिल्या सेकंदाला सुमारे ५ मीटर, दुसऱ्याला १५, तिसऱ्याला २५. दोन चित्रांमधलं अंतर या प्रमाणात वाढवलं नाही तर दगड पिसासारखा तरंगताना दिसतो. माइल्सच्या उडीत कॅमेरा त्याच्याबरोबरच चालतो. त्यामुळे तो चौकटीत जवळपास स्थिर आणि मागची इमारत धावते. गती ओळखायला आपल्या मेंदूला पार्श्वभूमी लागते. वर कुठे आणि खाली कुठे याची खूण काढून घेतली की पडणं आणि उडणं यांतला फरक तो चित्रावरून सांगू शकत नाही.

याच चित्रपटात याहून खोल एक करामत आहे, आणि ती बहुतेकांना दिसते पण कळत नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम दाखवतो. हाताने चित्रं काढत तेव्हा खर्च वाचवायला एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवायची पद्धत होती, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. त्याला ‘ऑन टूज’ म्हणतात. दर फ्रेमला नवं चित्र असेल तर ‘ऑन वन्स’. संगणक आल्यावर मधली चित्रं यंत्रच भरू लागलं आणि सगळं लोण्यासारखं गुळगुळीत झालं. ‘स्पायडर-व्हर्स’च्या मंडळींनी हा गुळगुळीतपणा मुद्दाम काढून टाकला. दोन ॲनिमेटरांना मनासारखी दहा सेकंदांची चित्रफीत मिळवायला जवळपास एक वर्ष लागलं.

आता जंगलातलं दृश्य आठवा. प्रयोगशाळेतून पळताना दुसऱ्या विश्वातून आलेला स्पायडर-मॅन पीटर पार्कर माइल्सला जाळ्यावरून झोके घ्यायला शिकवतो. पीटर अनुभवी, तो ‘वन्स’वर चालतो. माइल्स नवखा, तो ‘टूज’वर. एकाच चौकटीत दोघं, आणि एकाच्या हालचालीत दुसऱ्याच्या निम्मी चित्रं. माइल्स अडखळतोय हे कुणी सांगत नाही, पण आपल्याला जाणवतं.

का जाणवतं? शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला सांगितलं गेलं की डोळ्याच्या पडद्यावर चित्र क्षणभर टिकून राहतं आणि पुढचं त्याला जोडलं जातं. हे स्पष्टीकरण टिकत नाही. चित्रं अशी साठत गेली असती तर एकावर एक चढून नुसता चिखल दिसला असता. १९१० मध्ये माक्स वर्टहायमर हा मानसशास्त्रज्ञ फ्रँकफर्टला उतरला, तिथे त्याने एक खेळण्यातलं चलच्चित्र यंत्र विकत घेतलं आणि प्रयोग सुरू केले. १९१२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. दोन रेघा शेजारी शेजारी, आधी एक दाखवायची, मग दुसरी. दोन्हींत सेकंदाच्या एक पंचमांशाएवढं अंतर ठेवलं तर आधी एक, मग दुसरी अशा सुट्या दिसतात. तीसेक मिलिसेकंद ठेवलं तर दोन्ही एकदमच दिसतात. साधारण ६० मिलिसेकंदांना मात्र रेघ इथून तिथे सरकली असं दिसतं. सरकलं तर काहीच नव्हतं. गती डोळ्यात नाही, मेंदू ती बनवतो.

आणि ती बनवणारा भाग वेगळा आहे. १९८३ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे इजा झाल्यावर तिला रंग दिसत, आकार दिसत, माणसं ओळखू येत, फक्त हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी दिसे, मग एकदम कप भरून सांडलेला. रस्त्यावरची गाडी आधी लांब असे, पुढच्या क्षणी अंगावर. डोळे शाबूत असताना गती तेवढी गेली होती.

वर्टहायमरचे आकडे आता माइल्सला लावून बघा. ‘वन्स’वर एक चित्र सुमारे ४२ मिलिसेकंद टिकतं, ‘टूज’वर ८३. पहिल्यात मेंदू आरामात गती बनवतो. दुसऱ्यातही बनवतो, पण सांधे जाणवतात. म्हणजे नवखेपणा आणि सफाई यांतला फरक चाळीसेक मिलिसेकंदांचा. चित्रपटभर कोण कधी कशावर चालेल हे दृश्यागणिक ठरवलं गेलं, आणि माइल्स तयार होत जातो तशी त्याची हालचालही सफाईदार होत जाते. अभिनयाचा इतका बारीक प्रकार नटाकडून करून घेता येणार नाही.

दुसरी करामत छपाईची. कॅमेऱ्याच्या भिंगामुळे लांबच्या वस्तू पुसट होतात. संगणक ही धूसरता नक्कल करून घालतो, खरं तर तिथे भिंगच नसतं. ‘स्पायडर-व्हर्स’ने तिच्याऐवजी जुन्या कॉमिकमधली चूक वापरली: लाल, निळा, पिवळा हे ठसे एकमेकांवर नीट न बसल्यामुळे दिसणाऱ्या रंगीत कडा. शिवाय सावल्यांमध्ये छपाईचे ठिपके. हाताच्या अंतरावर धरलेल्या कागदावर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचे तपशील आपला डोळा वेगळे करू शकतो. ठिपके त्याहून बारीक झाले की ते मिसळून सलग छटा होते. स्वस्त छपाईत ठिपके या मर्यादेच्या वर राहायचे, म्हणून दिसायचे.

ज्यांनी मराठीतून इंद्रजाल कॉमिक्स वाचली आहेत त्यांना वेताळाच्या चड्डीचा रंग कडेबाहेर सांडलेला आठवत असेल. ही आठवण इथे उगाच काढलेली नाही. पुढच्या भागात, म्हणजे ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये (२०२३), मुंबई आणि मॅनहॅटनचं मिश्रण असलेलं ‘मुंबॅटन’ येतं आणि तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर. त्या जगाचं चित्रण करताना कलाकारांनी भारतीय कॉमिक्स, विशेषतः इंद्रजालची शैली समोर ठेवली होती. मुंबईतून निघणाऱ्या त्या अंकांची गचाळ छपाई अशी अर्ध्या शतकाने ऑस्करच्या स्पर्धेपर्यंत गेली. हा चित्रपट मराठीतही डब झाला. त्यातल्या हॉबी ब्राउन या लंडनच्या पंक स्पायडर-मॅनकडे नीट बघा. त्याचं शरीर एका गतीने बदलतं आणि जॅकेट दुसऱ्याच. स्वतःच्या कपड्यांनाही न जुमानणारा माणूस.

आणि ग्वेन, माइल्सची ती मैत्रीण, जी स्वतःही दुसऱ्या एका विश्वातली कोळी-नायिका आहे. त्याच चित्रपटात ग्वेन आणि माइल्स एका उंच मनोऱ्याच्या कडेखाली उलटे बसून गप्पा मारतात. चौकट पुन्हा उलटवलेली, शहर डोक्यावर. ती म्हणते की इतर प्रत्येक विश्वात ग्वेन स्टेसी स्पायडर-मॅनच्या प्रेमात पडते आणि कुठेच त्याचा शेवट चांगला होत नाही. हे वाक्य १९७३ सालच्या एका कॉमिककडे बोट दाखवतं. त्यात खलनायक ग्वेनला पुलावरून खाली टाकतो. स्पायडर-मॅन जाळं फेकून तिला अधांतरी पकडतो, वर ओढतो, तर ती मेलेली. तिच्या मानेशेजारी ‘स्नॅप’ असा बारीक आवाज छापलेला होता. ती पडण्याने मेली की झटक्याने, यावर वाचक भांडले. अखेर प्रकाशकांनीच पत्रांच्या पानावर मान्य केलं की झटक्याने. मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालियोस पुढे वर्गात हे उदाहरण शिकवू लागले.

हिशेब सोपा आहे. ९० मीटर पडल्यावर वेग सेकंदाला ४२ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. जाळ्याने तो अर्ध्या सेकंदात शून्यावर आणला तर शरीरावर वजनाच्या जवळपास दहापट ओढ बसते. दोन सेकंद मिळाले तर ती तिपटीवर येते, पण त्या दोन सेकंदांत आणखी ४२ मीटर खाली जावं लागतं. कोळ्याचा खरा धागा तुटण्यापूर्वी साधारण ३० टक्के ताणतो, म्हणजे ४२ मीटर ताणायला धागाच १४० मीटरचा हवा. ९० मीटर पडल्यानंतर एवढी जागा कुठला पूल देणार? उपाय एकच. तिच्यामागे उडी मारून तिला हवेतच धरायचं, धागा बाजूला फेकायचा आणि पडण्याचं रूपांतर झोक्यात करायचं. धागा आडवा असताना शून्य वेगाने सुरू झालेला झोका तळाशी येतो तेव्हा दोरीवरची ओढ नेमकी वजनाच्या तिप्पट असते, मग दोरी दहा मीटरची असो की शंभर मीटरची.